खार म्हणजे मीठ नव्हे

माझ्याकडे एकदा जेवून गेलेला माणूस पुन्हा जेवायला येत नाही. आलाच तर खिशात मिठाची पुडी घालून येतो, असं आमच्या शाळेतल्या बाया माझ्यामागे म्हणायच्या. म्हणोत बापड्या. मी वरणात मीठ टाकत नाही, भाजीत टाकत नाही, भाकरीच्या पिठातही नाही. ताटाशेजारी मिठाची वाटी ठेवते, ज्याला हवं त्यानं हातानं घ्यावं. "काहून बाई, तुमच्या घरी मीठ महाग झालं काय?" असं एकीनं तोंडावर विचारलं होतं. मी म्हटलं, "महाग नाही, माझं त्याच्याशी वैर आहे." ती हसली. मी हसले नव्हते.

वैर तरी मिठाशी कशाला असेल? राग आहे तो माझ्यावरच. पण तो सांगायचा तर आमच्या विहिरीपासून सुरुवात करावी लागते.

आमचं गाव दर्यापूरच्या बाजूला, काळ्या जमिनीत. त्या सगळ्या पट्ट्यात कापूस कमरेएवढा येतो, पण विहिरीला लागतं ते खारं पाणी. गावात एक विहीर त्यातल्या त्यात गोड होती. ती आमच्यासाठी नव्हती. आमची वस्ती नाल्याच्या अंगाला, आणि वस्तीची विहीर अख्ख्या गावात खारी. छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली, घराघरांतले जुने देव नदीत गेले, भिंतीवर बुद्धाचा फोटो आला. विहीर मात्र तीच राहिली आणि आम्ही तिचंच पाणी पीत राहिलो.

त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. सकाळी चुलीवर ठेवा, दुपारी चाखा, दाणा दाताखाली कटकन वाजतो. म्हणून आमच्याकडे वरण फक्त पावसाळ्यात व्हायचं, पन्हाळीखाली भांडं लावून पाणी धरलं की. एरवी ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, चिवळीची नाही तर अंबाडीची भाजी, आणि दुखण्यात ज्वारीच्या कण्या. भाकरीच्या पिठात मीठ कोणीच घालत नसे. लागतच नव्हतं. भांड्यांना आतून पांढरा थर धरायचा. माय तो राखेनं घासायची आणि पुटपुटायची, "मेला खार!"

हा शब्द ध्यानात ठेवा. आमच्याकडे त्याला खार म्हणत. मीठ वेगळं. मीठ दुकानातून येतं, त्याचे खडे असतात, ते मडक्यात राहतं, ते संपलं की शेजारी वाटी घेऊन जावं लागतं. खार भांड्याला लागतो, डोकं धुतलं की केसांत राहतो, त्याच्यापायी साबणाला फेस येत नाही. खाराला मीठ म्हणणारा माणूस मी वस्तीत एकसुद्धा पाहिला नाही.

मी दहा वर्षांची असताना माय गेली. पाय सुजले, मग तोंड सुजलं, आणि पंधरा दिवसांत आटोपलं. बा एका शेतकऱ्याकडे सालदार होता. त्यानं दुसरी बायको केली नाही. भाकर थापायला शिकला. थापताना त्याची जीभ ओठांबाहेर यायची, आणि मी हसले की म्हणायचा, "हास, हास. तुले तरी कोठं येते?" मग शाळेतल्या मास्तरांच्या सांगण्यावरून त्यानं मला अकोल्याला मुलींच्या वसतिगृहात नेऊन सोडलं. फाटकाशी थोडा वेळ उभा राहिला आणि एस.टी. स्टँडकडे चालू लागला.

अकोल्यात नळ होता. पहिल्या दिवशी मी तांब्याभर पाणी प्यायले, तहान जाईना. आणखी एक तांब्या प्यायले. पोट डबडबलं, तहान होती तिथंच. पाण्याला चवच नव्हती. तिसऱ्या दिवशी जेवताना मी ताटातलं चिमूटभर मीठ उचललं, पेल्यात टाकलं, बोटानं ढवळलं आणि घटाघट प्यायले. काय बरं वाटलं म्हणून सांगू! शेजारच्या पोरीनं ते पाहिलं आणि पंगतभर बोंब केली. महिनाभर सगळ्या मला 'खारी' म्हणत होत्या. मी पेल्यात मीठ टाकणं सोडलं आणि जेवताना बोलणंही सोडलं.

दिवाळीपर्यंत जिभेला नळाचं पाणी सरावलं. सुट्टीत घरी गेले तर पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. बा हसला. म्हणाला, "दोन दिस रायशीन तं गोड लागीन." आणि खरंच, तिसऱ्या दिवशी ते नुसतं पाणी लागायचं. मग सुट्टी संपायची, अकोल्याला परत, पुन्हा ती न जाणारी तहान. असं सात वर्षं चाललं.

पुढे ट्रेनिंग झालं आणि अमरावतीत प्राथमिक शाळेत नोकरी लागली. राजापेठेत खोली पाहायला निघाले. तीन घरांत आडनाव विचारलं आणि "खोली कालच गेली" असं सांगितलं. चौथ्या घरच्या बाईनं फक्त "कोळसा कुठं ठेवाल?" एवढंच विचारलं. तिच्याकडे राहिले. एका खोलीत एक शेगडी, एक पाट, एक ताट. पहिल्या संध्याकाळी तुरीची डाळ लावली, आणि अर्ध्या-पाऊण तासात ती लोण्यासारखी मऊ झाली. मला इतका आनंद झाला की पातेलं पदरात धरून मी दारापर्यंत गेले, कोणाला तरी दाखवायला. दाखवणार कोणाला? घरमालकिणीला काय सांगायचं, माझी डाळ शिजली म्हणून? परत येऊन बसले आणि जेवले. त्या दिवशी मला बाची फार आठवण आली.

दीड वर्षानं बाच आला. त्याला त्याचा गावचा मैतर घेऊन आला होता, मी त्यांना काका म्हणत असे. बाची पावलं अशी सुजली होती की वहाणा हातात धरून तो अनवाणी चालत आला होता. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मला मायचे पाय आठवले.

दवाखान्यातले डॉक्टर पुण्याकडचे होते, तरुण, बोलायला नेमके. त्यांनी तपासलं, हृदय थकलंय म्हणून गोळ्या दिल्या, आणि म्हणाले, "खरं औषध तुमच्या स्वयंपाकघरात आहे, बाई. मीठ बंद. अगदी बंद. लोणचं नाही, पापड नाही. मूग, दुधी, पालेभाज्या द्या, वर लिंबू पिळा. हे पाळलंत तर माणूस राहील."

मी पाळायला बसले. माझ्यासारखी पाळणारी शोधून सापडायची नाही. मीठ मी माझ्यासाठीसुद्धा बंद केलं, म्हणजे घरात हातून चूक व्हायला नको. मुगाचं वरण, त्यात लसणाची फोडणी आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. दुधीची भाजी, लिंबू पिळून. तांदुळजा नुसता वाफवून. जवसाची चटणी लाल तिखट घालून, बिनमिठाची. बा पहिला घास घ्यायचा आणि माझ्याकडे पाहायचा. मग म्हणायचा, "अळनी हाय, पन मऊ हाय." त्या वरणावर तो खूश होता. सारखा पळी घालून ढवळून पाहायचा.

पाण्याचं मात्र जमेना. "पोरी, हे पानी लागतच नाई," म्हणायचा. पेला तोंडाला लावायचा आणि खाली ठेवायचा. मला अकोला आठवलं, मला त्याची दया आली. काका दर आठवड्याला बाजाराला यायचे. मी त्यांना म्हटलं, "काका, आपल्या विहिरीचं पाणी आणता काय थोडं?" पुढच्या खेपेला ते रॉकेलचा घासूनपुसून घेतलेला डबा भरून घेऊन आले. एस.टी.त तो मांडीवर धरून आले होते, धोतर भिजलं होतं. बानं एका दमात दोन पेले रिचवले, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "आता आलो मी अमरावतीले." आम्ही तिघंही हसलो. त्या खोलीत तीन माणसं एकदम हसल्याचं मला तेवढं एकच आठवतं.

दर आठवड्याला डबा येऊ लागला. सूज हलेना. उलट पोटऱ्यांपर्यंत चढली. डॉक्टर माझ्यावर चिडले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. घरात मीठ चालू आहे."

"एक कण नाही, डॉक्टर."

"मग ते चोरून खातात. लक्ष ठेवा."

मी घरी आले ती फणफणत. मिठाचं मडकं ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि बासमोर उभी राहिले. "बा, खरं सांग. चोरून मीठ खाऊन राह्यला काय तू?"

तो खाटेवर बसला होता. "नाई वं. तुया मायची आन."

"आणाशपथा नको मले."

त्यानं काय करावं? त्यानं तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढून दाखवली. "पाह्य. हाय काय कोठं?" वर्गातली पोरं जशी दाखवतात चिंच खाल्ली नाही म्हणून, तशी. मी मान फिरवली. माझा विश्वास बसला नव्हता.

मग एका रविवारी सकाळी बाला खोकला आला म्हणून डब्यातलं पाणी पातेल्यात घेऊन शेगडीवर ठेवलं आणि वह्या तपासत बसले. विसरले. वास आला तेव्हा पाणी पूर्ण आटलेलं, पातेल्याच्या बुडाला जाड पांढरा थर. सवयीनं राख घेऊन घासायला बसले, आणि मायसारखंच तोंडातून निघालं, "मेला खार." नखानं खरवडला, आणि काय मनात आलं कोण जाणे, बोट जिभेवर ठेवलं.

मीठ. दुसरं काही नाही, मीठ.

मी मोरीतच बसून राहिले. ज्या पोरीनं अकोल्यात पेल्यात मीठ टाकून गावचं पाणी बनवलं होतं, तिला हे कळू नये? दुसऱ्यांच्या पोरांना अक्कल शिकवायला निघाले होते मी! वरणातून कण कण मीठ वेचून काढलं आणि पेल्यानं पाजलं, तेही माझ्याच तोंडानं मागवून. डॉक्टरांनी मीठ म्हटलं, आणि माझ्या डोक्यात दुकानातलं मीठ तेवढं आलं.

मी डबा उचलला आणि मोरीत उपडा केला. बा खाटेवरून ओरडला, "अवं, काहून वं? पानी हाय थे!"

"पानी नाई, मीठ हाय."

"मीठ कसं? खार हाय थो."

मी पातेलं त्याच्यापुढे नेलं, पांढरं खरवडून त्याच्या बोटावर ठेवलं. त्यानं चाखलं. पुन्हा चाखलं. पातेलं दोन्ही हातांनी जवळ ओढून त्यानं आत पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हंजे तुया मायले बी…"

मायलाही खारानंच नेलं का, ते मला माहीत नव्हतं. आजही नाही. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि "पाण्यात?" एवढंच विचारलं. त्यांच्या गावाकडे पाण्यात नुसतं पाणीच असतं.

त्या दिवसानंतर बानं नळाचं पाणी प्यायला सुरुवात केली. डोळे मिटून प्यायचा, औषध घेतल्यासारखा. पंधरा दिवसांत पावलांची हाडं दिसू लागली. महिन्यानं वहाणा पायात गेल्या. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली, घरमालकीण म्हणाली, "मास्तरीणबाई, बापाले परत आनलं तुम्ही." आणि मी हुरळून गेले. बा मात्र मुका होत गेला. जेवायचा, पाणी प्यायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी शाळेतून येऊन बडबडायची, तो हूं म्हणायचा. पूर्वी मी एकटी होते तेव्हा खोली एवढी सुनी वाटत नव्हती.

"गावी जाऊ दे मले," एकदा म्हणाला.

"तिथं जाऊन काय पिशील?"

त्यानं पांघरूण ओढून घेतलं. मी जिंकले होते, आणि मला त्याचं समाधान वाटलं. असं समाधान मास्तरकीनं येतं.

काका आता रिकाम्या हातानं यायचे, अपराध्यासारखे दाराशी बसायचे. हिवाळ्याच्या शेवटी एकदा त्यांनी बंडीच्या खिशातून औषधाची एक छोटी बाटली काढली, बूच लावलेली. "आपल्या विहिरीचं हाय. पेऊ नोको गा. निस्ता ओठाले लाव." बानं बाटली हातात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि माझ्याकडे दिली. मी ती फेकून द्यायला हवी होती किंवा त्याला द्यायला हवी होती. दोन्ही केलं नाही. मी ती त्याच्या खाटेशेजारच्या खिडकीत ठेवली, हात पुरेल अशी. मुद्दाम. मी घरात नसताना तो पितो का, ते मला पाहायचं होतं. चोरीचा तो संशय माझ्या मनातून पुरता गेला नव्हता, खोटं कशाला बोलू? शाळेतून आले की आधी बाटलीकडे पाहायची.

पुढच्याच आठवड्यात, मी शाळेला निघाले असताना तो म्हणाला, "पोरी, आज एक घोट दे न. लय मन झालं."

"बा, सुरू नको करू."

"एका घोटानं काय होते वं?"

"एका घोटानंच सुरू होते," मी म्हटलं. वर्गात म्हणते त्याच आवाजात म्हटलं. चपला घातल्या, पिशवी घेतली आणि गेले. मागं वळून पाहिलं की नाही, ते मला आठवत नाही.

मधल्या सुट्टीत घरमालकीण शाळेच्या दाराशी उभी दिसली. तिला पाहूनच मला कळलं. ती म्हणाली, दहा-साडेदहाला त्याला दम लागला आणि ती पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं.

खोलीत गेले तर तो भिंतीला टेकून बसल्यासारखा होता. लोक त्याला खाली घेत होते, कोणी काही विचारत होतं. मी सरळ खिडकीकडे गेले आणि बाटली उचलली. मला एवढंच वाटत होतं, त्यानं प्यायलं असू दे. मी गेल्यावर हात लांब करून, बूच काढून, चोरून प्यायलं असू दे. अर्धी नाही तर घोटभर तरी.

बाटली बुचापर्यंत भरलेली होती.

तेव्हा मी रडले. शाळेत पोरांनी माझ्यामागे काही केलं की मी छडी घेऊन उठत असे, आणि त्या दिवशी मला बापानं एवढी एक चोरी केलेली हवी होती. त्यानं आयुष्यात माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या होत्या, गाव आणि एक घोट, आणि मी नाही म्हटलं तर ते नाही त्यानं एकट्यानंसुद्धा मोडलं नाही.

त्या दिवशी बाजार होता, काका दुपारच्या गाडीनं आले. त्यांनी माझ्या हातून बाटली घेतली, बूच काढलं आणि बाच्या ओठांवर चार थेंब सोडले. "घे गा," ते म्हणाले. "आता डॉक्टर काई म्हनत नाई." पाणी ओठांवरून हनुवटीवर आलं. ते मी पदरानं पुसलं.

चौथ्या दिवशी गावाहून आलेले सगळे गेले. काकाही गेले. खोलीत मी, शेगडी आणि ती बाटली राहिलो. मी बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि एक मोठा घोट घेतला, त्याच्या वाटचा.

मला तो गिळवला नाही. घशाशी नेला आणि मोरीत जाऊन थुंकले. इतकं खारट, इतकं कडू! हे पाणी आम्ही पीत होतो? मी पुन्हा घोट घेतला, पुन्हा थुंकले. सुट्टीत घरी गेले की पहिल्या दिवशी असंच व्हायचं आणि बा म्हणायचा, दोन दिस रायशीन तं गोड लागीन. मी पेला हातात धरून मोरीच्या काठावर बसले होते. दोन दिवस राहायला आता मला घर नव्हतं.